कोल्हापुरात बारावी कॉमर्सनंतर बी.कॉम. की बीबीए? पोरीसाठी सल्ला हवा

दिवाणजी

नमस्कार मंडळी. इथं वाचतोय बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदाच.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो, २३ वर्षं झाली. थोरली मुलगी यंदा बारावी कॉमर्स पास झाली. मराठी माध्यम, ७४ टक्के, पुस्तपालनात ९१. मैत्रिणीनं भरला म्हणून हिनंही बीबीएच्या (व्यवसाय प्रशासनाची पदवी) सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला होता, ६३ पर्सेंटाइल आलेत.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. पुण्याचे मेहुणे म्हणतात, बी.कॉम.ला आता कुत्रं विचारत नाही, बीबीए करा, पुढं एमबीए, मग पॅकेज. आमचे मालक म्हणतात, बी.कॉम.लाच घाल, पैसे लग्नाला राहतील. (लग्नाचं ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही.) एका कॉलेजात बीबीएची फी वर्षाला ५५ हजार सांगितली, ड्रेस आणि इंडस्ट्रियल व्हिजिट वेगळी. अनुदानित तुकडीत बी.कॉम. मिळालं तर तेवढ्यात तिन्ही वर्षं निघून वर एक सायकल येईल. माझा पगार इथं लिहिण्यासारखा नाही.

पोरीला विचारलं तर म्हणते, पप्पा, दोन्हीत फरक काय ते तरी सांगा. मला सांगता येईना. म्हणून हा धागा.

मंगळवारपेठी

या या दिवाणजी. आधी गुळाचा रवा काय भावानं गेला ते सांगा, मग सल्ला.

बी.कॉम.ला घाला आणि विषय संपवा. आमच्या तालमीतली निम्मी पोरं बी.कॉम. आहेत. उरलेली निम्मी बी.कॉम.च्या शेवटच्या विषयाला बसलीत. पण सगळी कुठं ना कुठं लागलीत की.

निवृत्त_पुस्तपालन

दिवाणजी, मी ३१ वर्षं पुस्तपालन शिकवलं. माझं पारडं कुठं झुकणार हे उघड आहे, ते वजा करून पुढचं वाचा.

पोरीला असं सांगा. बी.कॉम. धंद्याकडं चोपडीतून बघतं, बीबीए मालकाच्या खुर्चीतून. बी.कॉम.ला वित्तीय लेखांकन, परिव्यय, अंकेक्षण, प्राप्तिकर, व्यावसायिक अर्थशास्त्र, कायदा, बँकिंग हे मुख्य. बीबीएलाही हिशेब असतो, पण थोड्या पेपरांपुरता. तिथला भर मार्केटिंग, मनुष्यबळ, संघटनेतलं माणसांचं वागणं, संवाद, प्रकल्प अहवाल यांवर. एकात तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळेपर्यंत उठता येत नाही, दुसऱ्यात चार जणांसमोर उभं राहून बोलल्याशिवाय बसता येत नाही. (आमच्या काळी दोन्हीची सवय एकाच वर्गात लागायची, पण ते असो.)

९१ गुणांचं कौतुक आहे, पण त्यात फार गुंतू नका. बारावीच्या पुस्तपालनात भागीदारीचे हिशेब, भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, विसर्जन, हुंडी, भाग विक्री आणि थोडं गुणोत्तर विश्लेषण असतं. साचा पाठ असला की मार्क मिळतात. मी घेत असे ती परीक्षा वेगळी. विद्यार्थ्याला विचारायचं, घसारा नफातोटा पत्रकात नावे टाकलास, पण पैसे कुणाला दिलेस? शंभरातली ऐंशी पोरं गप्प. ज्याला कळतं की घसाऱ्यात रोख कुठंच जात नाही, त्याला कॉमर्सचा कान आहे. आज रात्री जेवताना तिला विचारून बघा. तिचं उत्तर सीईटीच्या पर्सेंटाइलपेक्षा जास्त सांगेल.

माध्यमाचं म्हणाल तर आपल्याकडं बी.कॉम.चा पेपर मराठीत लिहिता येतो. बीबीए सरसकट इंग्रजीत. यामुळं बी.कॉम. सोपं होतं असं समजू नका. मराठीतून पदवी घेतलेल्या पोराला पहिल्या नोकरीत 'डेबिट नोट' म्हटलं की घाम फुटतो, कारण त्यानं ती 'नावे चिठ्ठी' म्हणून वाचलेली असते. मी वर्गात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहीत असे, फळ्याच्या मधोमध रेघ मारून.

आणि तुमच्या मेहुण्यांना सांगा, या गावात हिशेबनीस कुणी विचारत नाही असा दिवस अजून उगवलेला नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. शिवाजी विद्यापीठ आलं १९६२ मध्ये, म्हणजे चोपडी आधी आणि पदवी ६७ वर्षांनी.

पुण्यातली_कोल्हापुरी

सर, तुमचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली.

मी मराठी माध्यमातून आलेली, कोल्हापुरातच बीबीए केलं, पुढं एमबीए, आता पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पहिल्या सेमिस्टरला प्रेझेंटेशनला उभी राहिले आणि 'गुड मॉर्निंग'च्या पुढं शब्द फुटेना. पूर्ण वर्गासमोर रडले. दुसऱ्या वर्षी तेच प्रेझेंटेशन मी दुसऱ्यांचं लिहून देत होते. तीन वर्षांत चाळीसेक वेळा उभं राहावं लागलं असेल. बी.कॉम.च्या १२० जणांच्या तुकडीत ते कुणी करून घेतलं असतं का? माझी बहीण बी.कॉम. झाली, हुशार आहे, पण बँकेच्या मुलाखतीत आवाज निघाला नाही.

हिशेब मात्र कच्चा राहिला, हेही खरं. एमबीएला फायनान्सच्या पेपरला मी बी.कॉम.वाल्या पोरांच्या वह्या मागून अभ्यास केला.

जाता जाता, पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने ऑफिसात लोक माझ्या 'मी येतो, मी जातो'ला हसायचे. ते बीबीएनंही गेलं नाही आणि मी घालवलंही नाही.

मंगळवारपेठी

ताई, 'येतो' म्हणायचं सोडू नकोस. जगात भारी.

फाउंड्रीवाला

मी माणसं कामावर घेतो तेव्हा काय बघतो ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत लहान फाउंड्री आहे, ऑफिसात तीन जण.

पदवी कुठली हे मी दुसऱ्या मिनिटाला विसरतो. मला पाहिजे ते असं. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) आणि २० च्या आत ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) गेलं पाहिजे. खरेदीची बिलं २बीशी (समोरच्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) पडताळली पाहिजेत, कारण समोरच्यानं आपलं बिल भरलंच नसेल तर त्या कराचं क्रेडिट मला मिळत नाही. मशीनिंगला उद्यमनगरात कास्टिंग पाठवलं तर ते जॉबवर्कचं चलन आहे, विक्री नव्हे, हे कळलं पाहिजे. परराज्यात ५० हजारांवरचा माल निघाला तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) आधी, गाडी नंतर. माझी एकदा गाडी अडवली होती, तेव्हापासून हे वाक्य ऑफिसात भिंतीवर लावलंय.

आणि नवीन भानगड. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा मिळत नाही, पैसे देईन त्या वर्षी मिळतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४३ब चं 'एच' पोटकलम, २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून. मला हे कुणी सांगितलं? ऑफिसातल्या पोरीनं. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, सकाळी सातचं कॉलेज करून साडेअकराला माझ्याकडं यायची. तिनं वर्तमानपत्रात वाचून देणेकऱ्यांची यादी तारखेवार लावली. मी सीएला फोन केला तर ते म्हणाले, बरोबर आहे तिचं.

तेव्हा माझं मत सकाळच्या कॉलेजाला. दिवस मोकळा राहतो तिथं घाला. बीबीएला पोरं दहा ते पाच वर्गात असतात, वर असाइनमेंट. कामाचा वास लागत नाही.

सीए_अर्धवट

आयडीवरून कळलंच असेल. सीएचे टप्पे तीन: फाउंडेशन, इंटर, फायनल. दोन्ही ग्रुप इंटर पास, फायनलला तीनदा आपटलो, आता मुकाट्यानं टॅक्सची प्रॅक्टिस करतो आणि सुखी आहे.

पुस्तपालनात ९१ म्हटल्यावर कुणीतरी 'सीए करा' म्हणणारच, म्हणून मीच आधी बोलतो. बारावीनंतर फाउंडेशन देता येते: चार पेपर, ४०० मार्क, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. शेवटच्या दोन पेपरांत पर्यायातून उत्तर निवडायचं असतं आणि चुकीला पाव मार्क कापतात. २०२४ पासून वर्षातून तीनदा परीक्षा होते. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत नाही. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) आता तीनऐवजी दोन वर्षं.

दुसरी वाट कुणी सांगत नाही. बी.कॉम.ला ५५ टक्के पडले की फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी होते. (इतर शाखांच्या पदवीधरांना ६० लागतात.) म्हणजे घाई नाही. पोरगी अठराची आहे, तीन वर्षं कामाचा अंदाज घेऊ दे, मग ठरवू दे. मला सतराव्या वर्षी क्लासवाल्यांनी बसवलं. दोन वर्षं फाउंडेशनच्या वह्यांत गेली आणि घरच्यांना वाटायचं मी जवळजवळ सीए झालोय.

जीएसटी प्रॅक्टिशनरसाठी मात्र दोन्ही पदव्या चालतात. वाणिज्य, कायदा, बँकिंग, व्यवसाय प्रशासन यांपैकी कुठलीही. नोंदणी करून परीक्षा द्यायची. मुलींसाठी घरबसल्या काम म्हणून लोक हे सुचवतात. 'घरबसल्या' हा शब्द मला आवडत नाही, पण काम चांगलं आहे.

दिवाणजी

सगळ्यांचे आभार. सरांचा घसाऱ्याचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कुणालाच नाही दिले, मशीन झिजलं ते लिहिलं." भाकरी तोंडात होती, तरी लगेच म्हणाली.

आता दोन शंका. एक, हे चार वर्षांचं काय प्रकरण आहे? कॉलेजात खिडकीवर विचारलं तर "एनईपी आहे, एनईपी आहे" एवढंच म्हणाले. दोन, मुलींना फी माफ झाली असं बायकोनं बचत गटात ऐकलं. खरं का?

खिडकी_क्रमांक_तीन

मी अशाच एका खिडकीच्या आत बसतो. आम्ही तुटक बोलतो, कारण जूनमध्ये हेच वाक्य दिवसाला दोनशे वेळा बोलावं लागतं. इथं सावकाश सांगतो.

एनईपी म्हणजे नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण. त्यात पदवी तीन वर्षांचीच राहिली, चौथं वर्ष ऐच्छिक. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन करून पदविका, तीन करून बी.कॉम., चार करून बी.कॉम. ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर चार क्रेडिटचा जादा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं सात वर्षांत संपवायचं. संशोधनाचं ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के. चौथ्या वर्षाचा फायदा असा की पुढं एम.कॉम. एका वर्षात होतं. तीन वर्षांवर थांबलात तर एम.कॉम. दोन वर्षं, जसं पूर्वी होतं. चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात मिळतंच असं नाही, प्रवेशाआधी विचारा. संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून लागू झालं, त्यामुळं आधीच्या पोरांचा अनुभव फारसा उपयोगी नाही. मुख्य विषयासोबत मायनर (दुय्यम विषय), खुला विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अशी भेळ आहे. मायनर निवडताना मैत्रीण काय घेते ते बघू नका.

बीबीएचं वेगळं. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) अखत्यारीत गेले, म्हणून राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आणि कॅप राउंड (केंद्रीभूत प्रवेश फेरी) आला. त्या पहिल्या वर्षी इतक्या जागा मोकळ्या राहिल्या की ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा ६३ पर्सेंटाइलचं टेन्शन घेऊ नका.

आता फी. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. तेव्हा ज्या कॉलेजानं ५५ हजार सांगितले त्यांना विचारा, कोर्सचं अधिकृत नाव काय, कॅपमध्ये आहे का, आणि महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) कॉलेजच्या नावाखाली तो कोर्स दिसतो का. तोंडी उत्तर घेऊ नका, स्क्रीन बघा.

पुण्यातली_कोल्हापुरी

हे महत्त्वाचं आहे. सीईटी आली तशी काही ठिकाणी कोर्सचं नावच बदललं, म्हणजे सीईटीतून सुटका. आत शिकवतात तेच, फलक वेगळा. माहितीपुस्तिकेत मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा, पदवी प्रमाणपत्रावर काय छापून येणार ते विचारा.

मंगळवारपेठी

ताराबाई पार्क म्हणू नका, राजारामपुरी म्हणू नका, सगळीकडं पोस्टर बघा. टाय घातलेली चार पोरं लॅपटॉपकडं बघून हसतात. तीच चार पोरं दरवर्षी. पास कधी होणार?

फाउंड्रीवाला

मंगळवारपेठी, हसवू नका, साइटवर आहे.

निवृत्त_पुस्तपालन

"मशीन झिजलं ते लिहिलं." दिवाणजी, माझ्या ३१ वर्षांत एवढं छोटं उत्तर मला मिळालं नाही. तुमच्या घरात चोपडीचं बोलणं होतं हे दिसतं.

तरी पुण्याच्या ताईंचं म्हणणं मी रात्री पुन्हा वाचलं. आमच्या वर्गात १२० पोरं असायची आणि मी वर्षभरात तीस जणांचा आवाज ऐकला असेल, बाकीच्यांची फक्त वही बघितली. हा दोष माझा आहे. बी.कॉम. घेतलंत तर ती वर्गात मागं बसणार नाही एवढं बघा. वक्तृत्व असो, एनएसएस असो, कॉलेजच्या सहकारी भांडाराचा हिशेब असो, कुठंतरी तिला उभं राहावं लागेल असं बघा.

सीए_अर्धवट

आणि टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. क्लास लावायला हरकत नाही, पण तीन महिन्यांत 'टॅली एक्स्पर्ट'चं प्रमाणपत्र घेऊन येणारी पोरं मी रोज बघतो. बटणं येतात. बँकेचा ताळमेळ जुळला नाही की डोळे माझ्याकडं.

दिवाणजी

उशिरा लिहितोय, माफी असावी. हंगामाचे जुने हिशेब मिटवत होतो.

खिडकीवाल्या साहेबांनी सांगितलं तसं केलं. त्या कॉलेजात गेलो, स्क्रीन दाखवा म्हटलं. मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या कोर्सचं नाव यंदा बदललंय, कॅपमध्ये नाही. म्हणजे माफीचा प्रश्नच मिटला. दुसरं एक कॉलेज कॅपमध्ये होतं, तिथं नंबर लागू शकत होता. मेहुणे म्हणाले घ्या. मी पोरीला म्हटलं, फी निघतेय, आता तू सांग, पैशाकडं बघू नकोस.

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला त्या काकांच्या ऑफिसातल्या मुलीसारखं करायचंय, सकाळी कॉलेज आणि दुपारी काम. फाउंड्रीवाले साहेब, तुमची पोस्ट तिला मोबाइलवर वाचायला दिली होती, तुम्हाला न विचारता.

बी.कॉम.ला अनुदानित तुकडीत प्रवेश घेतला. दुपारी शाहूपुरीत एका कर सल्लागारांकडं जाते. पहिले तीन महिने पगार नाही, केएमटीचा (शहर बसचा) पास आणि चहा. पुण्याच्या ताईंसाठी सांगतो, कॉलेजात वादविवाद मंडळात नाव घातलंय. पहिल्या वेळी स्टेजवर गेली आणि परत खाली आली. दुसऱ्या वेळी काय होतंय बघू.

काल रविवारी मी आमच्या दुकानाची जुनी रोजकीर्द घरी आणली. तिला म्हटलं, एक दिवस घे आणि तुझ्या पद्धतीनं लिही. हमाली, तोलाई, गाडीभाडं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), सगळं बरोबर टाकलं. एक चूक केली. शेतकऱ्याला हंगामाआधी दिलेली ४० हजारांची उचल खर्चात दाखवली. मी म्हटलं, बाळा, उचल हा खर्च नव्हे, तो गूळ घालणार तेव्हा पट्टीतून वळती होणार, ते आपलं येणं आहे. तर म्हणाली, "आणि त्यानं गूळ दुसऱ्या दुकानात घातला तर?"

२३ वर्षांत असं किती जणांनी केलंय ते मला माहीत आहे. पण चोपडीत ते कुठं लिहायचं ते मला येत नाही. आमच्याकडं ते मालकाच्या डोक्यात असतं.

निवृत्त_पुस्तपालन

बुडीत व संशयित कर्ज निधी. पोरं त्याला आर.डी.डी. म्हणतात आणि पाच टक्के लावून मोकळी होतात, कारण गणितात पाच टक्के दिलेले असतात. तुमच्याकडं किती टक्के ते तिलाच काढू दे. मागच्या पाच हंगामांच्या उचली एका कागदावर मांडायच्या. कुणाची वळती झाली, कुणाची अर्धी, कुणाची गेलीच. मालकांनी चोपड्या दाखवल्या तर.

दिवाणजी

मालकांना विचारतो. नावं झाकून द्यावी लागतील, त्यात त्यांचे व्याही आहेत.